जावईबापूंचा कोयता

"लाकूड शिजवलंयस का आज?" पानावरच्या मातोक्याच्या, वाफवून रगडलेल्या कच्च्या केळ्याच्या, गोळ्याला बोटानं टोचत रेमिजिओ पुटपुटला. माझ्याशी नव्हे, गोळ्याशी. चौतीस वर्षांच्या संसारात जेवणाची तक्रार त्यानं नेहमी जेवणाकडेच केली आहे. म्हणजे भांडण लागलंच तर ते त्याचं आणि केळ्याचं. मी आपली त्रयस्थ.

एरवी मी ऐकून घेतलं नसतं. पण त्या दिवशी तो खरं बोलत होता. सकाळी केळी सोलायला बसले तेव्हाच मला दिसलं होतं. एकाच फणीतली दोन केळी पिकून पिवळी धम्मक, शेजारची दगडासारखी. सालीखाली पांढरं असायला हवं तिथं गंजक्या खिळ्याच्या रंगाचे डाग. मी डाग कोरून काढले, उरलेलं केळीच्या पानांत बांधून वाफेवर ठेवलं, चार तास जाळ घातला. शेंगदाण्याची आमटी जरा दाटच केली, झाकून नेईल म्हणून. नाही नेलं.

"कुठल्या खुंटाचा घड हा?" त्यानं विचारलं. आता माझ्याशी.

"वरच्या अंगाचा."

"ऊन लागलं असेल."

"तीन आठवडे पाऊस लागून राहिलाय, ऊन कुठनं लागेल?"

"मग पाऊस लागला असेल," तो म्हणाला आणि हात धुवायला उठला. फार गोडीगुलाबीचा माणूस आहे माझा नवरा. कुणालाच दोष देत नाही, म्हणून त्याच्या वाटच्या शिव्याही मलाच द्याव्या लागतात.

जेवणं झाल्यावर मी वरच्या अंगाला गेले. आमची बाग घरामागच्या चढावर सुरू होते आणि परसाला लागून उतरत उतरत पाणथळीच्या लव्हाळ्यापर्यंत जाते. रेमिजिओच्या आजीनं लावलेली, सासूनं राखलेली, आणि चौतीस वर्षं माझ्या हातात. कुठल्या खुंटाला कितवा मुनवा, बुंध्यातून फुटलेलं कितवं पिलू, ठेवलाय हे मला अंधारातही सांगता येईल. त्या दिवशी मात्र मी बागेच्या तोंडाशीच थांबले. चार खुंटांची पानं कुणी वरून उकळतं पाणी ओतल्यासारखी लोळागोळा होऊन लोंबत होती. जिथून केळफूल छाटलं होतं तिथला दांडा काळा पडून आत वाळत गेला होता. मी विळ्यानं एक खोड आडवं कापलं आणि वाट बघत उभी राहिले. पाच मिनिटं झाली असतील. कापलेल्या सोपटांतून थेंबाथेंबानं पू आला. पिवळट, सायीसारखा, चिकट. झाडाला पू होतो हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

किवोतोका. वाळून जाणं. पाणथळीपलीकडच्या गावांत आलाय म्हणून ऐकलं होतं. चर्चबाहेर बायका त्याच्याबद्दल बोलायच्या ते आवाज खाली करून, एखाद्याच्या मुलीबद्दल बोलावं तसं.

शेती खात्याच्या नान्ताले बाई दोन दिवसांनी मोटरसायकलवरून आल्या. वय असेल सव्वीस, अंगापेक्षा मोठे गमबूट. खोडाला हात लावायच्या आधीच म्हणाल्या, "काकू, केळफुलं कुणी छाटली?"

मी रेमिजिओकडे पाहिलं. रेमिजिओनं फणसाच्या झाडाकडे पाहिलं.

"घरचेच," तो म्हणाला. "आम्हीच आपले."

"कशानं?"

"असंच... हत्यारानं."

बाईंनी दोघांकडे नीट पाहिलं. त्यांना अशी उत्तरं रोजच मिळत असावीत. मग त्यांनी एक दुबेळक्याची लांब काठी तोडून घेतली, एका निरोगी झाडाचं केळफूल त्या बेचक्यात धरलं आणि पीळ देऊन कटकन मोडलं. "हे असं. शेवटची फणी धरली की लगेच. लोखंड लावायचंच नाही. रोग कोयत्याच्या पात्यावर बसून येतो, काकू. आजारी झाड कापलं, तेच पातं चांगल्या झाडाला लागलं, की संपलं. पानं छाटायला कोयता लागेलच, तर एका खुंटावरून दुसऱ्यावर जाताना विस्तवात धरायचा. हात लावला तर चटका बसेल इतका. रोगट खुंट कंदासकट उपटा, तिथंच तुकडे करा, बाहेर काही नेऊ नका. आणि ज्याच्या हातून हे झालंय त्याला सांगा. नाहीतर मी महिन्यानं येईन तेव्हा मला नुसता रताळ्याचा वेल दाखवाल."

"सांगतो," रेमिजिओ म्हणाला.

आता अडचण अशी की ज्याच्या हातून झालं होतं तो आमचा जावई.

पोन्सियानो. माझ्या एकुलत्या एका मुलीचा, तेओपिस्ताचा नवरा. नाताळपासून हा माणूस दर दुसऱ्या शनिवारी पाणथळीपलीकडून सायकल मारत यायचा. सायकलच्या दांडीला लांब काठीवर बांधलेला त्याचा कोयता, पात्याला फडकं गुंडाळलेलं. यायचा, बागेत शिरायचा, वाळली पानं उतरवायचा, केळफुलं छाटायचा. कुणी बोलावलं नव्हतं. अख्ख्या गावात आमचा हेवा होत होता. "जावई असावा तर असा! नाहीतर आमचा. कोंबडी खायला येतो आणि झोपून जातो." आणि हात तर असा की छाटलेल्या जागी पातळ नाण्यासारखा गोल राहायचा. वरच्या अंगापासून त्यानं सुरुवात केली होती. एकेका शनिवारी दोन-दोन ओळी. मी मनात ओळी मोजल्या. जिथून त्याचा कोयता फिरत गेला होता, तिथूनच महिन्याभराच्या अंतरानं मरण त्याच्या मागे चालत येत होतं. अगदी त्याच क्रमानं. एक खुंट चुकवला नव्हता, इतकं काम नीटनेटकं.

हे त्याला तोंडावर सांगायचं तर मी कोण? सासू. जावयाच्या समोर सासू येत नाही. तो अंगणात आला की मी पदर डोक्यावर घेऊन स्वयंपाकाच्या झोपडीत. त्याचा नमस्कार मी कुडाच्या आडून घ्यायचा, तोही पाठ करून. अकरा वर्षांत मी त्याचं तोंड नीट पाहिलेलं नाही. टाचा मात्र ओळखते, डाव्या टाचेला भेग आहे. माझ्या आत्याचे हात म्हातारपणी लटलट कापायचे. सगळं गाव म्हणायचं, तिनं एकदा जावयाच्या हातून पाण्याचा मग घेतला होता.

"तुम्ही सांगा," मी रेमिजिओला म्हटलं.

"सांगतो की."

"काय सांगाल?"

"हेच. की बाबा रे..." आणि तिथंच अडकला. "अगं, पण कामाला येतो तो आपल्याकडे. फुकट. त्याला म्हणायचं, तू मरण घेऊन येतोस?"

"मरण म्हणू नका. कोयता म्हणा."

शनिवार उगवायच्या आधी आम्ही दोघांनी आठ खुंट उपटले. केळीचं खोड दिसायला पोकळ, पण पावसाळ्यात आतून पाण्यानं भरलेलं. एकेक खोड म्हणजे झिंगलेल्या माणसाला उचलण्यासारखं, कुठूनही धरा, दुसरीकडून ओघळतं. कंद तर जमिनीला धरून बसतो. मी कुदळीनं भोवतीनं खणायचे, रेमिजिओ पहारीनं उचकटायचा, आणि मध्येच कंबर धरून उभा राहून आकाशाकडे पाहायचा, जणू तिकडून कुणी येऊन पुढचं करणार आहे. हातांना चिकाचे काळे डाग पडले, ते आठवडाभर साबणानं गेले नाहीत. चार दिवसांनी वरच्या अंगाला नुसते खड्डे आणि तुकड्यांचे ढीग. ढिगांवर माशा.

शनिवारी पोन्सियानो आला. मी कुडाला कान लावला.

जेवण झालं. पावसाचं बोलणं झालं. रस्त्याचं झालं. बिशपच्या गुडघ्यांचंसुद्धा झालं. मी आत पातेलं आपटलं.

"जावईबापू," रेमिजिओनं घसा साफ केला, "ते, तुमच्या कोयत्याचं जरा काहीतरी बघायला हवं, असं घरातून म्हणणं आहे."

मग पोन्सियानो अगदी ओशाळून म्हणाला, "खरं आहे, बाबा. माझ्याही ध्यानात आलं होतं. आईंना सांगा, पुढच्या खेपेला तक्रारीला जागा ठेवणार नाही."

मला इतकं बरं वाटलं की मी त्याच्या सायकलवर एकाऐवजी दोन घड बांधायला लावले. जावयाला मोकळ्या हातानं कसं पाठवायचं?

पुढच्या खेपेला त्यानं कोयता धार लावून आणला. असा, की लव्हाळ्याचं पातं नुसतं टेकवलं तरी दोन तुकडे. "बघा बाबा, आता बोथट म्हणून दाखवा," तो म्हणाला, आणि जेवायच्या आधीच मधल्या अंगाच्या दोन ओळी उरकून आला.

रेमिजिओ कुडापाशी येऊन हळूच म्हणाला, "सांगितलं होतं मी."

"काय सांगितलं होतंत? काय सांगितलं होतंत तुम्ही?"

"हळू बोल. ऐकेल तो."

"ऐकू दे की एकदाचं!" पण तेही मी हळूच म्हणाले.

मग मी ठरवलं की निरोप मुलीकडून पाठवायचा. दुकानावरून तेओपिस्ताला फोन लावला. दुकानदारीण तागडीआडून ऐकत होती, त्यामुळे मलाही आडूनच बोलावं लागलं.

"हे बघ, तुझ्या नवऱ्याला सांग, इकडे काम करताना विस्तव हवा. कळलं? विस्तव."

फोनमध्ये नुसता वारा.

"तेओपिस्ता?"

"ऐकतेय, आई."

"कोयत्यासाठी म्हणतेय मी. नान्ताले बाईंनी सांगितलंय."

"त्या आमच्याकडेही आल्या होत्या," ती म्हणाली आणि एकदम थांबली. "सांगते मी त्यांना, आई. विस्तवाचं. नक्की सांगते."

पुढच्या दुसऱ्या शनिवारी पोन्सियानो सायकल हातानं ढकलत आला, कारण सायकलवर बसायला जागाच नव्हती. मागच्या कॅरिअरवर निलगिरीच्या वाळल्या लाकडांची त्याच्या उंचीची मोळी. घामानं सदरा पाठीला चिकटलेला. "तेओपिस्ता म्हणाली, आईंना विस्तवाची अडचण आहे," तो धापा टाकत म्हणाला. "माझं मेल्याचं लक्षच नव्हतं. बाबांची कंबर धरलेली, लाकडं फोडणार कोण?"

मी कुडाआड खाली बसले आणि पदर तोंडात कोंबला. हसू की रडू, तेही मला कुणाकडून तरी निरोप पाठवून विचारावं लागलं असतं. लाकूड चांगलं जळलं, हे मान्य केलं पाहिजे. तोपर्यंत मधल्या अंगाची पानं लोंबायला लागली होती.

आणखी अकरा खुंट. पुन्हा कुदळ, पुन्हा पहार, पुन्हा रेमिजिओचं आकाश. आता घरात दोन वेळचं मातोके एक वेळ झालं. दुसऱ्या वेळी मक्याचं पीठ, जे रेमिजिओ शाळेतल्या पोरांचं आणि तुरुंगातल्या कैद्यांचं खाणं समजतो. "वाढ," तो म्हणायचा, "काय गुन्हा केलाय तेवढा सांग."

"तोंड उघडलं नाही, हा."

"तूही कुठं उघडलंस?"

मी त्याला आणखी एक डाव वाढला.

तिसऱ्या वेळी मी कुणाच्या तोंडावर विसंबायचं नाही असं ठरवलं. शनिवारी सकाळी बागेच्या तोंडाशी, जिथून आत शिरावंच लागतं, त्याच्याच लाकडांचा जाळ केला. शेजारी दुबेळक्याची काठी उभी करून ठेवली, नान्ताले बाईंनी तोडली होती तीच. इतकं मांडून ठेवल्यावर दगडालाही कळलं असतं. आणि मी झोपडीत जाऊन फटीला डोळा लावला.

पोन्सियानो आला. जाळ पाहून थबकला. त्यानं कोयता खाली ठेवला, दोन्ही हात जाळावर धरले आणि चोळले. सकाळी धुकं होतं, हात गारठले असणार. "वा, बाबा! काय सोय केलीत!" रेमिजिओही जाऊन बसला शेजारी. मग त्यांनी मक्याची कणसं आणली. दुबेळक्याच्या काठीनं पोन्सियानोनं निखारे सारखे केले, कणसं परतली, आणि काठीचं बेचकं जळून गेलं तेव्हा उरलेली काठीही आत सारली. रेमिजिओ एकदा जाळाकडे, एकदा झोपडीकडे बघत होता. कणीस मात्र अख्खं संपवलं.

त्या दिवशी मी नवऱ्याशी बोलले नाही. त्याला ते कळायला संध्याकाळ झाली.

आता उरलं होतं खालचं अंग, घराच्या परसापासून पाणथळीकडे उतरणारं. शंभरेक खुंट, आणि त्यांच्या सुरुवातीलाच, स्वयंपाकाच्या झोपडीला लागून, तेओपिस्ताची केळ. ती जन्मली तेव्हा तिची वार माझ्या सासूनं याच केळीच्या बुंध्याशी पुरली होती. मूळ खोड केव्हाच गेलं, पण मुनव्यामागून मुनवा, ती जागा सोडून केळ कधी हलली नाही. तिच्याखाली कुणी राख टाकत नाही की पाय देत नाही. पोर सासरी गेली तेव्हा महिनाभर मी भांडी तिथंच घासायचे.

त्याच्या यायच्या पुढच्या शनिवारी मी पहाटेच उठले आणि रेमिजिओला म्हटलं, मी बहिणीकडे जातेय. पोन्सियानो रस्त्यानं येतो. मी पाणथळीतली पाऊलवाट धरली, लव्हाळ्यातून, गुडघाभर पाण्यातून. जावयाच्या घरी सासू अशी अवचित जात नाही, आधी निरोप, मग बरोबर चार माणसं, मग कोंबडी. पण मुलीला समोर बसवून एकदा नीट समजावायचं होतं. निरोपावरचा माझा विश्वास उडाला होता.

पाणथळ ओलांडून चढाव चढले की पोन्सियानोच्या बागेची हिरवी भिंत दिसते. मी चढाव चढले. भिंत दिसली नाही. वाटलं, वाट चुकले. मग घराचा पत्रा ओळखला, त्यावरचा दगड ओळखला. घर उघडं पडलं होतं. भोवतीनं सगळीकडे रताळ्याचे वाफे, आणि वाफ्यांच्या मधून कुजून काळे पडलेले बुंधे, ओळीनं, थेट टोकापर्यंत. एक पान उभं नव्हतं. दोन्ही नातवंडं दारात बसून उकडलेला कसावा खात होती, मिठाला लावून.

तेओपिस्ता बाहेर आली, मला बघून गुडघे टेकून बसली आणि नमस्कार करायच्या ऐवजी तसंच तोंड झाकून घेतलं.

"कधी?" मी विचारलं.

"नाताळच्या आधी."

"आणि मला बोलली नाहीस?"

"त्यांनी शपथ घातली होती." ती ओल्या आवाजात म्हणाली, "आई, सगळी त्यांनी एकट्यानं तोडली. नान्ताले बाई आल्या होत्या, त्यांना अंगणातही येऊ दिलं नाही. म्हणाले, माझ्या बागेला रोग नाही, मला रताळी लावायचीत म्हणून तोडली. रोज सकाळी उठून कोयता घासत बसायचे. कापायला तर काही नाही. मग एके दिवशी म्हणाले, बाबांची कंबर धरलीय, मी तिकडे जाऊन येतो."

मी त्या वाफ्यांकडे पाहत राहिले. आधीच्या दहा वर्षांत आम्ही घड द्यायला लागलो की हाच माणूस हसून म्हणायचा, बाबा, आमच्याकडेच ठेवायला जागा नाही. आणि नाताळपासून तो घड सायकलला बांधताना तीन-तीनदा गाठ तपासायचा. वर गुंडाळायला पानंही मागून न्यायचा. हे मी पाहिलं होतं. फटीतून सगळं दिसतं, फक्त त्याचं काही करत नाही आपण.

"तुमच्या घडांवरच चाललंय, आई," तेओपिस्ता म्हणाली. "कसाव्यावर पोरं रडतात. तू काही बोलू नकोस त्यांना. तू पाहिलंस हे कळलं तर ते पुन्हा तिकडे पाऊल टाकणार नाहीत. मग आम्ही..."

"आणि नाही बोलले तर? तिकडची बाग गेली की मग कुणाकडे जाणार आहात सगळे?"

धाकट्या नातीनं माझ्या हातात कसाव्याचा एक तुकडा ठेवला. पाहुणी आले होते ना. मी तो उभ्यानं खाल्ला आणि निघाले.

परतीची वाट मी कशी कापली ते आठवत नाही. एका पायातली चप्पल पाणथळीत राहिली, एवढं आठवतं. चालता चालता सगळ्यांना शिव्या दिल्या. रेमिजिओला, तेओपिस्ताला, पोन्सियानोला, माझ्या आत्याला, तिच्या लटलटत्या हातांना. एवढी सगळी चांगली माणसं एकमेकांना जपत होती, आणि कोयता ओळीमागून ओळ पुढे सरकत होता.

परसात पोचले तेव्हा सूर्य वर आला होता. रेमिजिओ फणसाखाली बसून सायकलची साखळी पुसत होता. जावयाची सायकल. तेवढी तरी सेवा.

"कुठंयत ते?" मी विचारलं.

"आलीस इतक्यात? बहीण बरी आहे ना?"

"कुठंयत?"

त्यानं हनुवटीनं दाखवलं. मधल्या अंगाकडून लांब काठी उभी चालत येत होती, पानांच्या वर पातं चकाकत. तिथली उरलीसुरली झाडं उरकून तो खाली उतरत होता. सरळ झोपडीकडे. तेओपिस्ताच्या केळीला नुकतंच शेवटची फणी धरून केळफूल लोंबलं होतं.

"सांगा त्यांना."

"सांगतो. आधी रस तरी पिऊ दे, घामाघूम झालाय..."

"आत्ता."

"बाबा!" तिकडून पोन्सियानोनं आवाज दिला. "ही तेओपिस्ताची ना? हिला मी अगदी हळू हातानं करतो बघा!"

रेमिजिओनं तोंड उघडलं. मी वाट पाहिली. त्यानं मिटलं.

पदर काढून मी डोक्यावरून तोंडावर घेतला, जावयाकडे पाठ केली आणि उलटी चालायला लागले. मागे, मागे, एका पायात चप्पल. एकदा भांड्याला अडखळले, एकदा कोंबडी पायात आली. पोन्सियानोला दिसलं असणार, कारण त्याच्या तोंडून "अरे देवा" निघालं आणि कोयत्याची काठी जमिनीवर आपटली. मी मागे सरकत राहिले, आणि शेवटी केळीचा गार बुंधा पाठीला लागला. तिथं दोन्ही हात मागं नेऊन त्याला धरून उभी राहिले. समोर फणस, फणसाखाली हातात साखळी धरून माझा नवरा. मागं कुठंतरी, चार हातांवर, जावई. त्यानंही घाईनं पाठ फिरवली असावी, कारण आवाज गेला तो पाणथळीच्या दिशेला.

"आई, काही चुकलं का माझं?"

माझे हात कापायला लागले. आत्यासारखे. कापू देत म्हटलं.

"जावईबापू," मी फणसाला म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "ह्या केळीला कोयता लावायचा नाही. कुठल्याच केळफुलाला लावायचा नाही. रोग पात्यावरून येतो. विस्तव पात्यासाठी होता, कणसांसाठी नव्हता. काठी केळफूल मोडायला होती. काम तुम्हीच करा, तुमच्यासारखा हात कुणाचा नाही. पण पानं छाटाल तेव्हा एका खुंटावरून दुसऱ्यावर जाताना पातं लाल करायचं. आणि यायचं थांबायचं नाही. ऐकलंत? शनिवार चुकवायचा नाही, आणि घड नेल्याशिवाय जायचं नाही."

एवढंच बोलायचं ठरवलं होतं मी. रताळ्याच्या वाफ्यांबद्दल अक्षर काढायचं नाही, कसाव्याबद्दल नाही. चिखलानं माखलेले माझे पाय पदराखालून दिसत होते. पाणथळीतला तो काळा चिखल आमच्या बाजूला कुठंच नाही.

रेमिजिओ माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. पहिल्यांदाच त्यानं नजर दुसरीकडे वळवली नाही.

"बसा, जावईबापू," तो म्हणाला. "खाली बसा."

कुणीतरी पाचोळ्यावर बसल्याचा आवाज झाला.

"तुम्ही घरी जाऊन आलात, आई," पोन्सियानो म्हणाला.

मी चिखलाचे पाय पाचोळ्यात खुपसले.

"आमची बाग मेली," तो म्हणाला. "नाताळाआधीच मेली. शेवटचा खुंट मी ह्याच कोयत्यानं तोडला, त्याला फडकं गुंडाळलं, आणि तसाच तुमच्याकडे आलो."